जुन्या डॉक्टरच्या वहीतलं एक पान

बाबा,

तुमच्या त्या जुन्या डॉक्टरच्या वहीसमोर आज मी प्रत्यक्ष बसले होते. मूळ वही, त्याच्या हातची, फोमच्या उशीवर ठेवलेली. मिल्टन कीन्सहून गाडी काढली, दोनदा राउंडअबाउटवर चुकीचा रस्ता धरला, आणि लायब्ररीत पोचल्यावर रीडिंग रूममधल्या बाईंनी आधी हात धुवायला पाठवलं. चारशे वर्षांपूर्वी हा माणूस तुम्ही डॉक्टरकी केलीत त्याच इंग्लिश गावात प्रॅक्टिस करत होता, म्हणून त्याच्या वहीची इंग्रजी भाषांतरासहित छापील प्रत तुम्हाला इतकी प्यारी. त्याचं अक्षर तुमच्यापेक्षाही वाईट आहे. हे तुम्हाला कळवायलाच हवं होतं.

रविवारची जेवणं झाली की तुम्ही ती प्रत किचनमध्ये घेऊन यायचात. "बघ, काय विद्वान माणूस! लॅटिन, ग्रीक, अरबी, सगळं येतं, आणि औषध देण्याआधी मंगळ कुठे आहे ते बघतो." मग माझा ऑरेंज स्क्वॉशचा ग्लास खिडकीच्या उजेडात धरून तुम्ही त्याच्यासारखी लघवीची परीक्षा करायचात. "हं. पेशंटने होमवर्क केलेला नाही." आई म्हणायची, "शी! अहो, जेवणाच्या टेबलावर काय हे!" आणि हसता हसता तिला ठसका लागायचा. एक पान मात्र तुम्ही दर वेळी उलटून पुढे जायचात. "ते बोअरिंग आहे गं." असं म्हटल्यावर कोण वाचणार नाही? मी ते चोरून वाचलं.

त्या पानावर त्याची बायको आहे. अख्खा हिवाळा ती "दमले" म्हणत होती आणि तो घोड्यावरून गावभर पेशंट तपासत फिरत होता. ती रोज डोळ्यांसमोर होती, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं नाही, असं त्याने लिहिलंय. ती गेल्यावर.

मी सोळा वर्षांची असताना आईही हिवाळाभर दमत होती. तुम्ही म्हणायचात, "अगं, विंटर आहे, व्हिटॅमिन डी घे." तुम्ही निष्काळजी नव्हतात, हे आज कळतं, घरचं माणूस अपॉइंटमेंट घेऊन समोर बसत नाही, एवढंच. टेस्ट झाल्या तोवर फार उशीर झाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्या घरात होता, आणि मला तुमचा भयंकर राग आला होता.

आई गेल्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, ते पुस्तक तुमच्या टेबलावर नेमकं त्या पानाशी उघडं पडलेलं होतं. मी दारात उभी होते. तुम्ही बराच वेळ पानाकडे पाहत राहिलात, मग खिडकीपाशी गेलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "वाऱ्याने उलटलं असेल." त्यानंतर तुम्ही मला कधीच काही वाचून दाखवलं नाही.

आज मला कुतूहल होतं ते हे, की त्याने ते लिहून का ठेवलं? चूक झाकायला त्याच्याकडे लॅटिन होतं की! पण बाकी वही लॅटिनमध्ये आणि हे पान साध्या इंग्रजीत, कोणालाही वाचता येईल असं. आणि दुसऱ्या दिवशी त्याने काय केलं? त्या पानापुढे मी कधी गेलेच नव्हते. तुमची प्रत शेजारी ठेवून वाचलं, तर पुढे पुन्हा पेशंटच आहेत. सुताराचा सुजलेला अंगठा, कोणाचा तरी ताप. पण आता प्रत्येक नोंदीखाली एक नवी ओळ येते: घरी कोण आहे, आणि ते कसे आहेत? पानामागून पान, वही संपेपर्यंत.

मी उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. तुमच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी तुमच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने सांगितलेलं आठवलं. "तुमची आई गेल्यापासून," ती मला म्हणाली, "डॉक्टर प्रत्येक पेशंटला दारापर्यंत सोडायला यायचे आणि विचारायचे, घरी कोण असतं, ते बरे आहेत ना? त्यामुळे आमचं क्लिनिक रोज उशिरापर्यंत चालायचं." मला तेव्हा वाटलं, नुसता चांगुलपणा.

म्हणजे तुम्ही पुढे वाचलं होतंत. मीच त्या पानावर बसून राहिले, इतकी वर्षं.

हे पत्र तुमच्या छापील प्रतीत, त्याच पानाशी ठेवते आहे. आणि बाबा, त्या दुपारी खिडकी बंद होती. तुम्ही तिच्यापर्यंत गेलात, कडीला हात लावलात, तेव्हा तुम्हालाही ते कळलंच असणार. पान मी उघडून ठेवलं होतं.