सव्वातीन सेकंदांत शंभर

तीर्थस्वरूप ताई,

तुला दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात चार दिवसांपासून खांद्याच्या वर जात नाही, तेव्हा नमस्कार थोडा तिरका आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे मजेत आहोत. मी तर इतका मजेत आहे की बायको म्हणते, "आता तरी कोणाला तरी लिहून टाका, माझे कान किटले."

मुद्द्यावर यायच्या आधी एक कबुली देतो. लेक मोटारींच्या कंपनीत ऑफिसात आहे, असं मी तुला चार वर्षं सांगत आलो. तिथे ऑफिस आहे, नाही असं नाही, पण ती त्यात फक्त चहा प्यायला जाते. उरलेला दिवस गाडीखाली उताणी असते. तुझी भाची मेकॅनिक आहे, ताई. लोक काय म्हणतील म्हणून मी ते झाकून ठेवलं. (लोकांनी काहीच म्हटलं नसतं, पण हे मला आत्ता सुचतंय.)

तर मी निवृत्त झाल्यावर माझी जुनी निळी गाडी तिला देऊन टाकली. मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस, काटा चाळिसाच्या पुढे गेला की मला घाम फुटतो. त्यामुळे गाडीही माझ्या वळणाची, शांत. लेकीने तिची मागची सीट काढली, गालिचे काढले, आतले पत्रे काढले आणि इंजिनाला टर्बो जोडला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या घशात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. तू लहानपणी माझ्या तोंडात औषध कोंबायचीस, तसंच. काढलेली सीट सध्या आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे तिच्यावर बसतात आणि कुठून घेतली म्हणून विचारतात.

गेल्या रविवारी एका बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यत होती. चारशे मीटर, सरळ रेषेत, बस्स. पण नियम असा की या गटात गाडीत दोन माणसं हवीतच, रस्त्यावरच्या गाड्या ना त्या! तिच्या जोडीदारणीचा आदल्याच दिवशी पाय मुरगळला. लेक माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी म्हटलं, "मी फक्त बसायचं ना? बसतो की." हे वाक्य उच्चारताना मला जे शहाणपण असायला हवं होतं, ते दुसऱ्या दिवशी अकरा सेकंदांत आलं.

रांगेत उभे असताना मी सहज विचारलं, किती जोरात जाते? ती म्हणाली, "बाबा, उंच इमारतीच्या गच्चीवरून पडलेल्या माणसाला शून्यावरून शंभराचा वेग गाठायला तीन सेकंदांपेक्षा थोडं कमी लागतं. आपल्याला सव्वातीन लागतात." म्हणजे एवढा खर्च, एवढी मेहनत, आणि गच्ची अजून पुढेच! पण तेवढ्यात तिने माझा पट्टा दोनदा ओढून पाहिला, हेल्मेटचा बंद तपासला आणि म्हणाली, "डोकं मागे टेकवा. घाबरू नका, मी आहे." ताई, एकतीस वर्षं हेच मी दुसऱ्यांच्या पोरांना सांगत होतो.

दिवा हिरवा झाला आणि मी सीटमध्ये गेलो. सीटवर नाही, सीटमध्ये. पोट पाठीला लागलं, गाल कानांकडे सरकले, आणि मी जी किंकाळी फोडली ती बहुधा सुरुवातीच्या रेषेवरच राहिली. दारावरची धरायची मूठ मी अशी धरली की ती उपटून हातात आली. (खांद्याचं कारण हेच.) अकरा सेकंद आणि काही शतांश. चौदा गाड्यांत आपण दुसरे!

पहिला आलेला दातांचा डॉक्टर, भारीतली परदेशी गाडी त्याची. तो आमचं बॉनेट उघडून बराच वेळ वाकून उभा राहिला. मग माझे पांढरे केस बघून अदबीने म्हणाला, "काका, इंजिन तुम्ही बांधलंत?"

लेक ग्रीसचे हात पुसत होती. तिने मान वर केली नाही. चार वर्षं मी काय सांगतो ते तिला माहीत होतं, ताई. मी इतक्या मोठ्याने बोललो की चहावालासुद्धा वळला. "मी नाही. माझ्या मुलीने. मेकॅनिक आहे ती!"

परत येताना ती चाळिसाच्या वर गेली नाही. माझ्यासाठी. माझी छाती एवढी फुगली होती की पट्टा सैल करावा लागला.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वरचं सगळं खरं आहे, फक्त मी पाहिलेलं नाही. दिवा हिरवा झाल्यापासून गाडी थांबेपर्यंत माझे डोळे मिटलेले होते.

ता. क. आणखी एक. लेक म्हणते, आपण हरलो ते इंजिनामुळे नाही, माझ्या शहाऐंशी किलोंमुळे. पुढच्या महिन्यात पुन्हा शर्यत आहे. तिने घरातल्या सगळ्यांची वजनं कागदावर लिहून काढली, त्यात तू पहिली आलीस. तुझ्या मापाचं हेल्मेट तिने आणून ठेवलंय. भाऊजींना एवढ्यात काही बोलू नकोस, आणि त्या दिवशी सकाळी नाश्ता करून येऊ नकोस.