तापाशी दादाची जुनी ओळख

मी, हिवतापाच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवून निवृत्त झालेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले आहे. थोरल्या बंधूंचे मत वेगळे आहे. ते प्रत्येकच बाबतीत असते.

१. दलदलीकाठचे घर वडिलांनी माझ्या नावे केले, कारण दादा थंड मुलुखात नोकरीला होता आणि पत्राला उत्तर देण्याइतकी फुरसत त्याला नव्हती. हे घर मी दादाच्या मुलीस, म्हणजे माझ्या पुतणीस देते. दादाला का नाही, ते लिहिणे भाग आहे.

निवृत्त होऊन तो वहिनीसह इथे राहायला आला, तेव्हा मी हिवताप टाळण्याच्या गोळ्या पुढे केल्या. वहिनीने घेतल्या. दादा म्हणाला, "लहानपणी दर वर्षी ताप काढलाय मी. माझं रक्त ओळखतं त्याला."

"ओळखत होतं. वर्षानुवर्षं गाठ पडली नाही की शरीर विसरतं, दादा. आणि तो जंतू सारखा अंगरखा बदलतो."

"जन्मभर त्याच्या मागे धावलीस. सापडला का?"

वहिनी हसली नाही, हे नमूद करते.

जंतू यकृतात मुक्कामाला होता तेव्हा दादा गच्चीवर जोर काढून मला प्रकृती दाखवत होता. त्या मुक्कामात माणसाला काहीच जाणवत नाही. मग जंतू तांबड्या पेशींत शिरला. आत कोणी घुसलेय, हे या पेशींना शरीराच्या पहारेकऱ्यांना कळवता येत नाही. अशा बिघडलेल्या पेशी प्लीहा गाळून काढते. म्हणून जंतू त्यांना रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटवून ठेवतो, प्लीहेकडे फिरकूच देत नाही. दादाच्या मेंदूतल्या वाहिन्याही सुटल्या नाहीत. न्याहारीला बसल्या बसल्या त्याने वहिनीला विचारले, "आपण कोण?" संसारात पहिल्यांदाच इतक्या अदबीने. मग आकडी आली.

रुग्णालयात मी त्याच्या रक्ताची काच पाहिली. ज्या जंतूला काचेवर पाहून मी जन्मभर खूश व्हायचे, त्याची तिथे जत्राच भरली होती.

"वन्सं, खरं सांगा," वहिनी म्हणाली.

"औषध शिरेतून चालू आहे. लागू पडायला तेवढा अवधी मिळाला तर वाचेल."

"आणि नाही मिळाला तर?"

मी काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

वाचला. शुद्धीवर येताच परिचारिकेला म्हणाला, "पाहिलंत? जुनी ओळख!" तेव्हापासून आल्यागेल्याला तो हा पराक्रम ऐकवतो. त्यात औषधाचा उल्लेख नसतो, बहिणीचा तर नसतोच.

इथवर मी सोसले. पण परवा तो फोनवर पुतणीला म्हणाला, "नातीला खुशाल घेऊन ये. गोळ्याबिळ्या नकोत, आपलंच रक्त आहे." नात थंड मुलुखात जन्मली, तिच्या शरीराने हा जंतू स्वप्नातही पाहिलेला नाही. म्हणून घर पुतणीचे. तिथे कोणी काय गिळायचे, ते मालकीण ठरवील. आईवडिलांना तिने काढू नये, ही विनंती. निदान आईला.

२. सूक्ष्मदर्शकही पुतणीस.

३. भिंतीवरचे घड्याळ प्रयोगशाळेच्या माजी संचालकांस. "आपली लस आलीच," असे ते निरोपसमारंभापर्यंत सांगत होते. वेळेचा अंदाज सुधारेल.

४. बँकेतली शिल्लक त्याच रुग्णालयास, तापाच्या मुलांचे रक्त तपासण्यासाठी.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून दुसरा साक्षीदार दादा. तो न वाचताच सही करील, याची खात्री आहे.

स्थळ: दलदलीकाठच्या घराची पुढची खोली.
दिनांक: मुद्रांकावरचाच.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. थोरला बंधू (सही). सगळे वाचले. नातीच्या गोळ्या निघण्याआधी किती दिवस सुरू करायच्या, ते कळवणे.