शून्य एकरांचा शेतकरी

४ फेब्रु.
वर्ध्याहून बाबांचा फोन. "मायनर कसं चालून राहिलं?" "चालू आहे." दीड वर्ष हेच उत्तर. त्यांना वाटतं, इंजिनिअरिंगसोबत मी डेटा सायन्सचा मायनर, म्हणजे जोडविषय, घेतलाय, त्यांच्या अख्ख्या एस.टी. वर्कशॉपला सांगून झालंय. घेतलंय मी समाजशास्त्र. तेव्हा वाटलं, दिवसभर कोडच का लिहायचा? आता वाटतं, हौस भोवणार. पुढच्या वर्षी मार्चमध्ये बाबा रिटायर. त्याआधी मला नोकरी लागावी, एवढंच म्हणणं आहे त्यांचं.

९ फेब्रु.
मायनरचा प्रकल्प: शेती गेलेली घरं. बाकीच्यांनी वही-पेन घेतलं. मी शहाणी, मोबाइलवर फॉर्म बनवला. पहिलं घर आमच्या घरमालकांचंच, पुण्यात बिबवेवाडीला. मी वरच्या खोलीत कॉट बेसिसवर, एका खाटेचं भाडं भरून. बिल्डिंगच्या जागी पूर्वी त्यांचा मळा.
"काका, व्यवसाय?"
"शेतकरी."
"किती एकर?"
"आता काय न्हाय. समदं इकलं."
शून्य टाकलं. फॉर्म पुढे सरकेना. शेतकऱ्याला शून्य एकर चालणार नाही असं मीच ठेवलं होतं! "मग निवृत्त लिहू?" काका फोनकडे बघून म्हणाले, "तुझ्या फोनला चालंल ते लिव."
लिहिलं. काकूंनी दिलेला चहा अर्धाच ठेवून उठले.

१६ फेब्रु.
समाजशास्त्राच्या सरांनी सगळ्या घरांचे फॉर्म पाहिले. "सगळेच निवृत्त? वा. जमीन बिल्डरने घेतली, उरलेलं आपण घेतलंत." अहो-जाहो करून मारतात. आधी त्यांच्यावर चिडले, मग स्वतःवर.

२० फेब्रु.
काकांकडे परत. फोन वर खोलीत ठेवला, वही घेतली. त्यांनी थेट पार्किंगमध्ये नेलं. "ही लाल गाडी हाय ना, हितं पान्याची हीर. त्या स्कूटरींपाशी कांदा." दोन तास. अजून पाऊस लांबला की झोप लागत नाही म्हणाले. सगळं लिहून घेतलं. हात दुखतोय, बरं वाटतंय.

६ ऑगस्ट
प्लेसमेंटच्या मॅडमनी रेझ्युमेतल्या मायनरवर बोट ठेवलं. "आयटीत समाजशास्त्र? पॅनल हसेल. काढ."
काढलं. दिवसभर कशात लक्ष नाही.

११ ऑगस्ट
आयटी कंपनीची मुलाखत. कोडिंग बरं. मग पॅनलमधल्या बाई, "तुमची एक चूक सांगा. पाठ केलेली नको." तोंडातून काकाच निघाले. शून्य, निवृत्त, पार्किंग, सगळं. कुणी हसलं नाही.
"हे रेझ्युमेत का नाही?"
"काढायला सांगितलं."
"आणि तुम्ही काढलंत."
काहीतरी लिहिलं त्यांनी. काय लिहिलं असेल? चांगलं की... बस समोर आली, सोडली. चालतच आले.

१३ ऑगस्ट
निकाल नाही. मेल किती वेळा उघडला देव जाणे. बाबांचा फोन, "उद्या निघून राहिलो. पंधराची सुट्टी हाय." झालं.

१५ ऑगस्ट
बाबांना स्वारगेटहून आणलं. जिन्यातच काका. "तुमच्या पोरीनं माझा समदा मळा लिवून घेतला. लई चांगलं शिकतीया."
"डेटा सायन्स ना?" बाबा खूश.
"त्ये काय म्हाईत न्हाय. मानसांचं कायतरी हाय."
वर येऊन सांगून टाकलं. एका दमात. बाबा कॉटवर बसले.
"याचं होते काय? नोकरी?"
"माहीत नाही बाबा." दोन वर्षांतलं पहिलं खरं उत्तर.
त्यांनी प्रकल्प मागितला. चष्मा लावून पूर्ण वाचला. मी उगाच तीनदा पाणी आणलं. निवृत्तवाल्या पानावर परत गेले, तिथेच बोट ठेवून म्हणाले, "मार्चमध्ये मीबी रिटायर. मले काय लिहिशीन?"
मघाशी फोन थरथरला, निकालाचा मेल असेल. बघितला नाही. बाबा उत्तराची वाट बघतायत.