उजव्या कानामागचा उंचवटा

३ मार्च

चि. ठकूस अ. उ. आ.

तुझ्या ताईने अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःची पाटी लावली, यावर तुझा विश्वास बसेल का? पार्लरच्या मालकिणीने तरुण मुली हव्यात म्हणून घरी बसवलं, तेव्हा उशीत तोंड खुपसून रडत होते. आता औषधांनी केस गेलेल्या बायकांसाठी केसांचे टोप विणते. डोक्याला पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, वर चिकटपट्टीचे थर द्यायचे, की मापाचा साचा तयार. लांबची गिऱ्हाइकं तो पोस्टाने पाठवतात.

इथल्या मोठ्या इस्पितळाने तर हे काम मुलींना शिकवायला मला बोलावलंय. एक तारखेला रुजू व्हायचं. त्याआधी तुझ्याकडे राहून जाईन म्हणते. तुझी पत्रं हल्ली फार त्रोटक झालीत. काय बिनसलंय?

माया आहेच, उत्तर तेवढं धाड.
ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

म्हातारपणी बाळसं धरलंस की गं! तुझं पत्र मी घरभर वाचून दाखवलं. मला काय धाड भरलीय? घराला रंग काढलाय, सामान सगळं बाहेर, तू झोपशील कुठे? आधी नोकरीवर हजर हो. जन्म दुसऱ्यांच्या वेण्या घालण्यात गेला. आता मान मिळतोय तर पाय मागे घेऊ नकोस. अक्षर लेकीचं आहे, माझं बोट कापलंय.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
ठकू

२९ मार्च

चि. ठकूस अ. उ. आ.

तुझ्या गावच्या नर्सबाईंच्या नावाने एक साचा आला. कापूस भरून नेहमीसारखी चाचपायला बसले, तर उजव्या कानामागे उंचवटा लागला. लहानपणी तू जिन्यावरून गडगडलीस, तेव्हापासून तुझी वेणी घालताना रोज बोटांना लागायचा तोच.

मेले, या बोटांपासून लपवतेस? मी फार चिडलेय आणि फार घाबरलेय. टोप आज पुरा झाला. नोकरी गेली खड्ड्यात. उद्याच निघते, तोवर धीर धर.

तुझीच
ताई

२० मे

चि. भाचीस अ. उ. आ.

मी पोचले ती ठकू गेल्यानंतर. टोपही तिच्या डोक्यावर माझ्याच हाताने, उशिरा चढला. तिने तुला शपथ घातली होती, म्हणून तुझ्यावर राग नाही. तिच्यावर आहे, आणि तो जात नाही.

इस्पितळाने जागा राखून ठेवली होती. आता सगळे मॅडम म्हणतात, स्वतंत्र खोली आहे, दारावर माझं नाव आहे. ठकूला सांगायचं राहून गेलं.

मुलींना पहिल्या धड्याला तिचाच साचा देते. डोळे मिटून बोटांनी शोधा म्हणते. आज एकीला तो उंचवटा सापडला. मापात चूक राहिली असं समजून तिने तो दाबून सपाट केला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला शाबास म्हटलं.

तू तरी दुखलं-खुपलं कळवत जा.
मावशी