शकुनबाईंची तेलाची डबी

२ नोव्हेंबर २०१८
आले एकदाची. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात बुडालेल्या गावाचं हे नवं गाव, उंचावर वसवलेलं. पुढे वाचनालय, मागे माझी खोली, खिडकीबाहेर कापणीला आलेलं धान. मुलीच्या घरी नातवंडांचे डबे भरत बसण्यापेक्षा हे शतपटीने बरं. संस्थेच्या अश्वजितनी फुलं दिली आणि नको म्हटलं तरी भाषण केलं. माझ्या आधी हे वाचनालय इथल्याच शकुनबाई सांभाळायच्या, उन्हाळ्यात वारल्या. त्यांचा कॉम्प्युटर बोट टेकवलं की उघडतो. पेन्शनसाठी मी जिवंत असल्याचा दाखला याच महिन्यात द्यायचा आहे, तोही या यंत्रावरूनच देईन. बँकेतली रांग टळली.

५ नोव्हेंबर
बोटाचं यंत्र जोडलेलं आहे हेच कॉम्प्युटरला मान्य नाही. वायर काढली, घातली, दुसऱ्या खाचेत घातली, काच पुसली, सगळं बंद करून चालू केलं. म्हणे, यंत्र सापडत नाही. समोर पडलंय की, मेल्या! पवनीहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा धर्मेंद्र आला. त्याने ड्रायव्हर नव्याने टाकला, शकुनबाईंचं नाव पुसून माझं घातलं. दिवा लागला. त्याचं बोट यंत्राने लगेच घेतलं, माझं घेईना. मले नाही समजून राहिलं, मॅडम, पिन टाका, असं म्हणत तो निघाला. म्हणजे नापास यंत्र आणि शिक्षा मला. आणि हे 'मले' ऐकून कान किटतात ते वेगळंच. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी बाकावर उभं केलं असतं.

६ नोव्हेंबर
झाडलोट करणारी आनंदाबाई म्हणाली, रोवणी करून बोटं गुळगुळीत झाली की इथल्या बाया मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळतात, मग यंत्र घेतं. शकुनबाईही तेच करायच्या. त्यांची डबी खणातच सापडली. ती पाहून आनंदाबाई मागे सरकली. मेल्या बाईचं तेल पाण्यात सोडतात, अंगाला लावत नाहीत. मी घरून दुसरं आणते, म्हणाली. थांबायला मला वेळ नव्हता. लावलं. पहिल्याच खेपेला उघडलं.
पडद्यावर अक्षरं आली: स्वागत आहे, शकुनबाई.
फोन करून धर्मेंद्रला फैलावर घेतलं. ते नाव पुसलंय, अशी तो शपथ घेतो.

१२ नोव्हेंबर
तेल रोज लावावं लागतं. आज माझा स्वतःचा फोन माझ्या बोटाला उघडेना. बोटाचं टोक पांढरंफटक, सुरकुतलेलं, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं. शकुनबाई कशाने गेल्या, ते आज विचारलं. गाव उठलं तेव्हा घराची कडी लावायची राहिली, हाच त्यांचा घोर. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, जुन्या घराची भिंत दिसली. त्या कडी लावायला गेल्या, त्या परतल्याच नाहीत.

१९ नोव्हेंबर
डबी पाण्यात सोडायला आनंदाबाईकडे दिली. दाखल्यासाठी बोट टेकवलं. जुळत नाही. पवनीला बँकेत गेले, तिथेही तेच. दुसरं बोट द्या म्हणाले. दहाही दिली. भांडायला गेले होते, न भांडताच परतले. फार दमले आहे.

२३ नोव्हेंबर
प्रतिक्षाचा फोन. मी बोलत होते आणि ती म्हणत होती, काकू, जरा आईला द्या ना. मुलगी माझी. मी — मीच तर —
डबी खणात आहे. भरलेली.

२६ नोव्हेंबर
पानं ओली होतात, शाई पसरते. वाचनालयातल्या मुली मला शकुनबाई म्हणतात. रागवायचा कंटाळा आला.
विसरू नये म्हणून लिहून ठेवते. रत्नमाला. रत्नमाला. रत्न —

२८ नोव्हेंबर
आज तेल न लावताच उघडलं.
आता मले बरं वाटून राहिलं. दाखल्याचं — कोनाचा दाखला?
आनंदाबाई दारात आडवी उभी हाय. "नोको जाऊ, बाई, पानी लय वाढलं हाय." काहून रडते ही? किती वेळ लागते. घर उघडंच हाय तिकडं. एवढी कडी लावली का आलीच मी —