वाटाड्याची निवड

७ फेब्रुवारी २००४, गेर्लिंगेन
शेवटी घर मिळालं! वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून द्राक्षमळे दिसतात, ऑफिसची बस कोपऱ्यावर थांबते. खाली मालक राहतात, हेर केलर (हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत) आणि त्यांच्या पत्नी हिल्डेबाई. दोघंही सत्तरीचे. हेर केलरांनी नको नको म्हणताना माझी एक बॅग वर आणली आणि धापा टाकत लगेच केरवोख समजावून सांगितलं. माझी पाळी असेल त्या आठवड्यात दाराला पाटी लटकणार आणि जिना मी झाडायचा. नावातच केर आहे, लक्षात ठेवायला सोपं. मी "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं तर दोघंही खूप हसले. नागपूरला आईला फोन करून सांगितलं, काळजी करू नकोस, इथे आजी-आजोबाच मिळालेत.

२२ फेब्रुवारी
खाली कॉफीला बोलावलं होतं. दिवाणखान्यात भिंतभर हरणांची शिंगं. हेर केलर जुने शिकारी, आता एकच इच्छा उरली आहे: तपकिरी अस्वल. हृदयाचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे जायचं तर याच वसंतात. रशियाच्या पार पूर्वेला, कामचाटकात. परवाना, वाटाड्या, तंबू असं सगळं बघणाऱ्या कंपन्या तिकडे असतात, त्यातली एक निवडायची. पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो आणि यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मला विचारलं. आमचं बौद्ध घर, शिकारीला मी कशी हातभार लावू? पण हिल्डेबाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, हे जाणारच आहेत, तू पाहिलंस तर निदान माणसं तरी धड मिळतील. मग हो म्हटलं.

७ मार्च
तीन कंपन्या उरल्यात. एका वाटाड्यामागे किती शिकारी, हॉस्पिटल किती लांब, सॅटेलाइट फोन आहे का, असं सगळ्यांना विचारलं. शिवाय शिकार न मिळता हात हलवत परत आलेल्या एखाद्याचा नंबर द्या, असंही मुद्दाम विचारलं. खरं काय ते अशाच माणसाकडून कळतं. दोघांनी दिला. तिसऱ्या कंपनीचा वादिम फोनवर म्हणाला, आमच्याकडून कोणी हात हलवत परत गेलंच नाही. हेर केलर खूश. मी नाही.

१४ मार्च
वादिमच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. एक नॉर्वेचा, एक इटलीचा, एक ऑस्ट्रियाचा. आवाज वेगळे, इंग्रजीची ढबही वेगळी. पण तिघंही म्हणाले, "अस्वल शोधावं लागलं नाही. ते आपणहून आलं." तेच शब्द, मध्ये श्वासही त्याच जागी. शेवटच्यानं विचारलं, म्हाताऱ्याच्या घरात आणखी कोण कोण असतं? मी तर वय सांगितलंच नव्हतं. आखनला शिकणाऱ्या माझ्या भावाला, अश्वजितला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, पढवून ठेवले असतील, जाहिरात असते ती. असेल. पण हेर केलरांना मी स्पष्ट सांगितलं, हा नको.

२८ मार्च
वादिम स्वतःच आला. न बोलावता. उंच, मऊ बोलणारा, जर्मन उत्तम. खाण्याला हात लावला नाही. सगळा वेळ हेर केलरांकडे बघत होता. ते कसे बसतात, चष्मा कसा वर सारतात. निघताना दारात खोकला. अगदी हेर केलरांसारखा. हिल्डेबाईंच्या हातातली बशी पडली.
हेर केलरांनी सही केलीच. मला म्हणाले, तुम्ही फार काळजी करता, फ्राऊ मेश्राम.

२ मे
आज गेले. टॅक्सीतून लहान मुलासारखा हात हलवत होते. हिल्डेबाई गाडी दिसेनाशी झाली तरी फाटकातच उभ्या.

१६ मे
हेर केलर परत आले. ठरल्यापेक्षा आधीच, कोणाला न कळवता. अस्वल मिळालं का विचारलं तर म्हणाले, आपणहून आलं.
तब्येत सुधारली आहे. धाप लागत नाही. एकेक पायरी गाळून जिना चढतात. वर कशाला येतात, माहीत नाही. माझ्या दाराशी थांबतात आणि परत जातात.

१९ मे
हिल्डेबाईंनी मला बागेत गाठलं. हात गार. तो झोपत नाही म्हणाल्या. उभ्यानं खातो. आणि छातीवर ऑपरेशनचा व्रण नाही. त्यांनी नीट पाहिलंय.
पोलिसांना काय सांगू, म्हणाल्या, नवरा बरा झाला म्हणून तक्रार करू?
आत्ताच वर चला, म्हटलं. उद्या येते, म्हणाल्या. खिडकीतून तो बघत होता.

२० मे
सुट्टी. हिल्डेबाई आल्या नाहीत. खाली गेले. त्यानं दार उघडलं, बहिणीकडे गेली म्हणाला. त्यांचे बूट तिथेच. काठीही.
मी हसले. का हसले? वर येऊन दाराला टेबल लावलं —

२१ मे, दुपार
फोन आला. रशियातलं कुठलं तरी हॉस्पिटल. आधी नर्स, मग हेर केलर. खरे. धापा टाकत. कोळ्यांना नदीकाठी सापडले. वादिमनं कोट नेला, पासपोर्ट नेला, आणि — बाकीचं त्यांना सांगता येईना. रडत होते.
मी विचारलं, घरी का नाही केला फोन?
"केला. रोज करतो. मीच उचलतो."
मग म्हणाले, हिल्डेला बाहेर काढा.



पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले. ते येईपर्यंत लिहितेय. लिहीत राहायचं.

जिन्यावर कोणी तरी. हलकी पावलं.
हिल्डेबाई! त्यांचाच आवाज. दार उघडा, फ्राऊ मेश्राम, लवकर, तो बागेत आहे —
टेबल सरकवलं. किल्लीला हात लावला —

आता हाक मारतायत रोहिणी म्हणून. रोहिणी बाळा, दार उघड गं. त्याच आवाजात.
पण मराठीत. हिल्डेबाईंना मराठी कुठे —

किल्ली मी सोडली आहे. ती आपणच फिर