अहो प्रतिसाद देत नाहीत

चि. जावईबापूंना सासूचे डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. (हात इथूनच ठेवलाय, तुम्ही जरा वाकून घ्या.) तुमची धरलेली कंबर आता कशी आहे? माझ्या लेकीला सांगा, आई नीट जेवते आणि ऐकायचं तेवढंच ऐकते. मला अक्षरओळख नाही हे तुम्ही जाणताच. मी बोलतेय, सूनबाई लिहितेय. बोलणं तिच्याबद्दलही आहे, तेव्हा मधे कुठे अक्षर जाड दिसलं तर तिनं पेन दाबलं असं समजा.

तर आमच्या पुढच्या खोलीत या दोघांचं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस. एका भिंतीला मुलाचं काळं मशीन, समोरच्या भिंतीला सूनबाईचं पांढरं; दोन्ही वेगळ्या घराण्यांतली. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बंगल्याचे जिने तो काढतो, स्वयंपाकघर ही. गेल्या महिन्यात त्यानं न विचारता हिच्या स्वयंपाकघराची खिडकी बुजवली आणि तिथून जिना नेला. त्या दिवसापासून बोलणं बंद. (माणसांचं. मशिनं बोलत होती.) मग मशिनांनीही अबोला धरला. याची फाइल तिला दिसेना, तिची याला. तिकडे डॉक्टरीणबाई नकाशासाठी मागे लागलेल्या, आणि इकडे सूनबाईनं समोरच्या इमारतीत आपल्यापुरती खोली घेऊन किल्ली पर्समध्ये ठेवलेली. (हो, पाहिली मी. लिही.)

तुम्ही फोनवर सांगितलेले सगळे उपाय केले. मशिनं बंद करून परत चालू केली. मधे फायरवॉल नावाची भिंत असेल म्हणालात, म्हणून मी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, गार आहेत. फोल्डर सामायिक करा म्हणालात. जावईबापू, सामायिक विहीर काय, सामायिक गच्ची काय, तो शब्द आला की पाठोपाठ वकील येतो. मशीननं विचारलं, पाहुणा म्हणून प्रवेश द्यायचा का? सूनबाई म्हणाली, "या घरात मला तरी दुसरा कुठला मिळालाय."

दोन्ही मशिनांचा कारभार मराठीतून चालतो. मुलगा आंघोळीला गेला तेव्हा ही त्याच्या काळ्या मशीनवर बसली, तर ते 'यजमानाचे नाव' मागू लागलं. तिनं आतल्या खोलीत मला विचारलं. मी म्हटलं, माझे यजमान जाऊन जमाना झाला, आणि होते तेव्हाही मी त्यांना 'अहो'च म्हणायचे. ही आधीच तापलेली. तिनं 'अहो' लिहून टाकलं. (ते काळ्या मशीनचंच नाव मागत होतं, हे मागाहून कळलं.)

तेव्हापासून पांढरं मशीन सारखं सांगायला लागलं: अहो सापडत नाहीत. अहो प्रतिसाद देत नाहीत. सूनबाई ते मोठ्यानं वाचायची, मुलगा पाठमोरा बसून जिने चढवत राहायचा. शेवटी एकदा तिनं वाचलं, "अहो कायमचे काढून टाकायचे का?" मुलगा खुर्चीसकट वळला.

"जरा विचार करून दाब."

"मी मशीनबद्दल बोलतेय."

"मग मी कशाबद्दल बोलतोय?"

(दोघंही खोटं बोलत होते. सूनबाई, खोडू नकोस.)

काम तर अडलेलं. मग फाइल बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये घालायची आणि उठून, खोली ओलांडून, दुसऱ्याच्या हातात द्यायची, असं सुरू झालं. हातात देताना तोंडातून काहीतरी निघतंच. आधी नुसतं "घे" निघायचं. मग "घे, आणि माझी खिडकी?" मग "खिडकी ठेवलीय, जिना वळवलाय, बघ." आता तो पेन ड्राइव्हबरोबर चहाचा कपही नेतो. नकाशा पसंत पडून गेलासुद्धा. पण इतक्या येरझाऱ्यांनी पाय दुखतात म्हणे, तेव्हा तुम्ही स्वतः येऊन हे एकदाचं दुरुस्त करावं, असं दोघांचं म्हणणं आहे. किती दिवसांनी दोघांचं एक म्हणणं आहे. तातडीनं यावं.

तुमची सासू

ता. क. ही ओळ मुलाच्या हातची: भाऊजी, परवा जमतच आलं होतं, तेवढ्यात मशीनमागची निळी वायरच दिसेनाशी झाली. येताना एक घेऊन या.

ता. क. दुसरा. इथून अक्षर टाके घातल्यासारखं दिसेल. हे खालच्या शिंप्याच्या हातचं आहे, त्या दोघांना दाखवू नका. जावईबापू, येऊ नका. किल्ली अजून पर्समध्येच आहे. ती घरमालकाकडे परत जाईपर्यंत तुमची कंबर धरलेलीच राहू द्या. आणि वायर आणू नका. ती आहे, मागच्या गॅलरीत. दोन ओले टॉवेल घातले तरी वाकत नाही.